गळती

सभागृहातला हीटर पुन्हा बंद पडलाय,
म्हणून कोट घालूनच बसलोय आराखड्याला.
भिंतीवर मोठा कागद, कागदावर माझं अक्षर:
उद्दिष्टं. कालावधी. अपेक्षित फलित.

थंडर बेहून आलेला फॉर्म बारा पानांचा.
सातव्या पानावर एक चौकोन:
पारंपरिक शिकवणुकीचा समावेश केला आहे का?
मी हो म्हणून खूण केली होती
काल रात्रीच, घरी, हॉकी बघता बघता.

आठव्यावर अडलो.
गळतीचं प्रमाण किती, आणि ती रोखण्याचे उपाय.

मागच्या वर्षी रात्रवर्गाला तेवीसजण आले,
सप्टेंबर संपेस्तोवर उरले सहा.
हे मी खाली मान घालून वाचलं,
कारण मीही तीनदा गळालोय,
दोनदा शहरातल्या कॉलेजातून
आणि एकदा ह्याच खोलीतून.

वर्ग सुरू कधी केलेला? डेल्फिन मावशीनं विचारलं.
पाच सप्टेंबरला.
तेव्हा तर मनोमिन पिकलं होतं, ती म्हणाली,
तळ्यातला भात.
टेबलाशी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.
ते सतराजण कुठं होते हे साऱ्यांना ठाऊक होतं:
होड्यांत, लोंब्यांखाली, कमरेपर्यंत कुसळांत.
मी स्वतः सातव्या रात्री
वर्गाला कुलूप लावून तिकडंच गेलेलो.

मावशीनं माझ्यापुढच्या दोन पेन्सिली उचलल्या.
एकीनं हवेतल्या लोंब्या मांडीवर ओढल्या,
दुसरीनं नुसतं गोंजारलं.
असं, म्हणाली. पिकलेलं तेवढंच सुटतं.
बडवून पाडलं तर हिरवं येतं हातात,
आणि ताट मोडतं ते मोडतंच.
तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे.
शाळेत असताना झालेलं.
कधी कधी सांगते कसं. आज नाही सांगितलं.

निम्मं होडीत पडतं, निम्मं पाण्यात.
पाण्यातलं कुणी मोजतं का?
बदकं मोजतात, इझिडोर म्हणाला.
मावशी हसली नाही.
गाळात बी चार-चार वर्षं पडून राहतं, म्हणाली,
आणि मग एखाद्या वसंतात...
पुढं बोलली नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही.
म्हणूनच कळलं मला, कुणाविषयी चाललंय.

शेलीन उठली. दवाखान्यात झाडू मारते,
नर्स व्हायचंय तिला.
मला सर्टिफिकेट हवंय, होडी नको.
होडी मला येते.
खोली गप्प झाली. हीटरनं एकदा खाकरून पाहिलं.
बरोबर आहे पोरीचं, मावशी म्हणाली,
सर्टिफिकेट ठेव. तारीख तेवढी हलव.
पण बोर्डाची परीक्षा ऑक्टोबरातच असते,
ती कशी हलणार?
ह्याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
कागदाच्या कोपऱ्यात नुसतं लिहून ठेवलं: शेलीन, ऑक्टोबर.

तळं कधी उघडायचं ते इझिडोर ठरवतो.
होडीतून वाकून एक लोंबी तोडतो,
दाणा दाताखाली धरतो, चावतो, थुंकतो,
एका दाण्यावरून अख्ख्या तळ्याची परीक्षा.
त्याच्याआधी होडी घातली
तर सख्ख्या भावालाही परत पाठवतो.
वर्गाचं तसंच ठरवू, कुणीतरी म्हणालं.
आधी तळं, मग पुस्तकं.
कढईत भात भाजताना ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं,
ज्यांना वाचायचंय त्यांना चुलीचा उजेड पुरेल का?
नाही पुरणार, मावशी म्हणाली. कंदील आणा.

रात्री उशिरा एकट्यानं फॉर्म पुरा केला.
प्रारंभ दिनांक: तळ्याला विचारून कळवू.
गळतीचं प्रमाण: निम्मं.
रोखण्याचे उपाय ह्याच्यापुढं
बराच वेळ पेन धरून बसलो,
आणि जागा कोरीच सोडली.

मग सातव्या पानावर परत गेलो,
ती खूण खोडायला.
शाईची होती.
पुरती गेली नाही.